ट्रिनिटीच्या डोहातली थोरली

आधी आवाज आला. बुडालेल्या ओंडक्यापलीकडे कुणीतरी लांब सुस्कारा टाकावा तसा. मी मान वळवेपर्यंत पाण्यावर पसरत जाणारी वर्तुळं आणि चार बुडबुडे तेवढे उरले होते. बोटीच्या नाळेवर बसलेल्या कॅप्टननी हात वर करून आम्हाला गप्प केलं. ते पंचविसेक वर्षं याच नदीवर लोकांना मासेमारीला नेतात. ‘थोरली आहे,’ ते हळूच म्हणाले. ‘लहान मासा वर आला की पाणी फटकारतो. ही नुसता दम घेते आणि जाते.’

माझा भाचा डॅलसला असतो. ‘मामा, इथली मोठी मॉल्स तू आल्यापासून तीन वेळा टाळलीस, मग नदीवर तरी चल,’ म्हणून त्याने मला इथवर आणलं होतं. डॅलसपासून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर ट्रिनिटी नदी पूर्व टेक्सासच्या रानातून वळणं घेत जाते. दोन्ही बाजूंना घसरड्या मातीचे उभे काठ, त्यांवर विलो आणि कॉटनवुडची झाडं, ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवं. पाण्याचा रंग आपल्याकडच्या श्रावणातल्या ओढ्यासारखा. जुलैचं ऊन असं, की बोटीच्या पत्र्याला हात लाववत नव्हता. आणि या गढूळ, कोमट पाण्यात उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी एक राहतो. त्याचं नाव ॲलिगेटर गार.

मगर आणि सुसर

‘गार’ हा इंग्रजीतला जुना शब्द, अर्थ भाला. या कुळातल्या माशांचे जबडे भाल्यासारखे पुढे आलेले असतात. आपल्याकडे मगरीचं तोंड रुंद आणि सुसरीचं निमुळतं, तसाच फरक इथेही आहे. ट्रिनिटीत राहणारा लांबनाक्या गार सुसरीसारखा दिसतो. ॲलिगेटर गारचा जबडा मगरीसारखा रुंद, वरच्या जबड्यात दातांच्या दोन-दोन ओळी. लांबी आठ फुटांच्याही वर जाऊ शकते. ओहायो आणि मिसुरी नद्यांच्या खालच्या भागापासून मिसिसिपीच्या खोऱ्यातून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आणि पुढे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझपर्यंत हा त्याचा मूळ मुलूख.

माणसांच्या कितीतरी आधीपासून तो या मुलखात आहे. गारच्या कुळाचे जीवाश्म डायनोसॉरच्या काळातले आहेत आणि तेव्हापासून त्याच्या बांध्यात फारसा बदल झालेला नाही. त्याचे खवले आपल्या रोहू-कटल्यासारखे नखाने सुटणारे नाहीत. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे हाडासारखे तुकडे, मंगळुरी कौलांसारखे एकमेकांत अडकवलेले आणि वरून दातांवरच्या इनॅमलसारख्या कठीण थराने मढवलेले. इथले मूळ रहिवासी ते बाणाच्या टोकाला लावत. नंतर आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी लाकडी नांगराच्या फाळाला या माशाचं कातडं चढवल्याच्या नोंदी आहेत. लुईझियानातल्या फ्रेंच वसाहतवाल्यांनी त्याला ‘चिलखती मासा’ असंच नाव दिलं होतं. आजही मासा सोलायचा तर सुरी चालत नाही, कुऱ्हाड आणि पत्रा कापायची कात्री लागते.

आणि तो श्वास. उन्हाळ्यात पाणी तापलं, त्यातला प्राणवायू उतरला, की कल्ल्यांवर भागत नाही. मग तो वर येऊन तोंडाने हवा घेतो. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, ती फुप्फुसाचं काम करते. आपल्याकडे तळ्याच्या काठी वाढलेल्या कुणालाही हे नवं नाही. मरळ अशीच वर येते, दम घेते आणि खाली जाते. इतर मासे तडफडून मरतात अशा पाण्यात मरळ जगते ती त्या एका घोटावर. गारचंही तसंच. पण ज्या श्वासाने त्याला कोट्यवधी वर्षं तगवलं, त्याच श्वासाने गेल्या शतकात त्याचा घात केला. जो मासा दर काही मिनिटांनी स्वतःची जागा दाखवतो, त्याला मारणं सोपं असतं.

विजेची बोट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत माशांची वाटणी झाली होती. गळाला लागून झुंज देणारे, ताटात शोभणारे ते ‘खेळाचे मासे’. बाकीचे ‘कचरा’. गार कचऱ्यात गेला, त्यातही शत्रू म्हणून. तो बास खातो, बदकं खातो, माणसावरही धावून येईल, अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात ॲलिगेटर गारने माणसावर हल्ला केल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. पुढे अभ्यासकांनी त्याच्या पोटातलं अन्न तपासलं, तेव्हा मिळाले ते प्रामुख्याने शॅड, कार्प, बफेलो, ड्रम असे मुबलक मासे. ज्या बाससाठी एवढा राग होता, तो त्याच्या जेवणात किरकोळच निघाला.

पण तोवर फार उशीर झाला होता. १९३०च्या दशकात टेक्सासच्या सरकारी मत्स्यखात्याने एका बोटीवर विजेचं जनित्र बसवलं, पाण्यात तारा सोडल्या आणि गार मारण्याची मोहीम काढली. ज्या खात्याने मासे राखायचे, त्यानेच मासा मारायचं यंत्र बनवलं, आणि ते लोकांच्या भल्याचं काम समजलं गेलं. दक्षिणेकडच्या इतर राज्यांतही जाळी, बंदुका, बाण यांनी हजारोंनी गार मारून काठावर कुजत टाकले. जोडीला नद्यांवर धरणं आली, पुराचं पाणी अडवणारे बांध आले. मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातून मासा दिसेनासा झाला. इलिनॉयने १९९४ साली तो आपल्या राज्यातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

कॅप्टननी सांगितलं, त्यांचे वडील गार पकडला की त्याचा जबडा मोडून परत पाण्यात फेकत. ‘वाईट माणूस नव्हते ते. शेतातला साप मारावा तसं, कर्तव्य म्हणून करत. मीही लहानपणी केलंय,’ ते म्हणाले आणि गळाला आमिष लावू लागले.

वाट बघण्याचं काम

आमिष म्हणजे कार्पचा तळहाताएवढा तुकडा, खवल्यांसकट. गळाच्या वर हातभर पोलादी तार, कारण साधी दोरी ते दात क्षणात कापतात. तारेच्या वर छोटा बोया. नदी जिथे वळते आणि पाणी संथ, खोल होतं, तिथे काठाला बोट लावायची. चार रॉड काठावर रोवायचे, रीळ मोकळं सोडायचं आणि बसायचं.

या मासेमारीत ताकदीपेक्षा कान लागतात. मासा कुठे दम घेतो, किती वेळाने घेतो, कुठल्या दिशेला सरकतोय, हे ऐकत राहायचं. तासभर काही झालं नाही. मग तिसरा बोया हलला. बुडाला नाही, नुसता बाजूला चालू लागला, जणू कुणी त्याला बोट धरून नेतंय. मी उठलो. कॅप्टननी खांद्यावर हात ठेवून बसवलं. गारचं तोंड म्हणजे सगळं हाड, गळ रुतायला मऊ जागा फारशी नाही. आमिष दातांत आडवं धरून तो आधी दूर जातो, थांबतो, मग तोंडात फिरवतो. ते होईपर्यंत दोरी ओढायची नाही. पन्नास-साठ वार दोरी गेली. थांबली. परत हलली. ‘आता.’

जास्त थांबलं तर मासा गळ गिळतो आणि पोटात जखम होते. घाई केली तर हातात नुसतं चावलेलं आमिष येतं. त्या दोहोंमधलं अंतर कॅप्टन कशावर ओळखतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पूर्वी इथे तीन काट्यांचा गळ सर्रास वापरत. आता बरेच वाटाडे वर्तुळाकार गळ वापरतात, कारण तो गिळला गेला तरी ओढताना बहुधा जबड्याच्या कडेला येऊन अडकतो. काही जण तर गळच वापरत नाहीत. नायलॉनच्या दोरीचे पीळ सोडवून तिचा झुपका करतात, त्यात मासा दात अडकवून घेतो. सोडताना ते धागे मात्र एकूण एक काढावे लागतात, नाहीतर जबडा बांधला जाऊन मासा उपाशी मरतो.

रॉड भाच्याच्या हातात होता. पहिली दहा मिनिटं तळाशी काहीतरी जड, हट्टी सरकत होतं, एवढंच. मग अचानक पाणी फाटलं आणि अर्धा मासा सरळ उभा बाहेर आला. मोठा जबडा उघडा, डोकं इकडून तिकडे झटकतंय. तांबूस हिरवी पाठ, पिवळट पोट. भाचा ओरडला नाही. त्याने मला नुसतं ‘मामा’ म्हटलं, लहानपणी विहिरीत पहिली उडी मारायच्या आधी म्हणायचा तसं.

पाऊण तासाने मासा बोटीच्या कडेला आला. कॅप्टननी कल्ल्यांमागे दोरीचा सैल फास टाकला, पण मासा पाण्यातच ठेवला. फूटपट्टी लावली. सात फुटांना दोन बोटं कमी. एवढी वाढते ती बहुधा मादीच. त्यांनी मला हात लावायला सांगितलं. बोटं शेपटीकडून डोक्याकडे नेली, तर खवल्यांच्या कडा कानशीसारख्या लागल्या. उलट नेली, तर घासूनपुसून ठेवलेल्या फरशीसारखा थंड गुळगुळीतपणा. एका खवल्याच्या जागी जुना, भरून आलेला खड्डा होता. कुणाचा बाण असेल, कुणाचा गळ असेल. तेवढ्यात तिने माझ्या हाताशेजारी श्वास घेतला, आवाज आणि ओलावा दोन्ही मनगटावर आले. ‘ही तुमच्या भाच्याहून मोठी असणार,’ कॅप्टन म्हणाले. ‘वयाने म्हणतोय.’

वजन नव्हे, वर्षं

मला हा लेख लिहावासा वाटला तो त्या वाक्यामुळे. मोठा मासा पाहिला की आपण किलो विचारतो. विचारायला हवीत वर्षं.

गारचं पिल्लू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतं, नंतर वेग मंदावत जातो. मादी अंडी घालायला लागते तोवर दहाएक वर्षं गेलेली असतात. सात फुटी मासा काही दशकांचा असतो. वय अचूक मोजायचं तर माशाच्या कानातला खडा काढून त्यावरची वलयं मोजावी लागतात. ढोम्याच्या डोक्यात पांढरे खडे निघतात ना, तसेच ते. म्हणजे वय नीट कळतं ते मासा मेल्यावरच.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गजवळ, शोटार्ड तळ्यात, केनी विल्यम्स या व्यावसायिक मच्छीमाराच्या जाळ्यात एक ॲलिगेटर गार अडकला. जाळं बफेलो माशांसाठी लावलेलं होतं. लांबी आठ फूट पाच इंच, वजन ३२७ पौंड, म्हणजे १४८ किलो. नोंद झालेला हा सगळ्यात मोठा. आज त्याची प्रतिकृती जॅक्सनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. काही अभ्यासकांच्या अंदाजाने त्याचं वय नव्वदीच्या पुढे होतं. तो अंदाज खरा धरला, तर हा मासा पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जन्मला, १९२७चा मिसिसिपीचा महापूर त्याने पाहिला, विजेच्या बोटींचं दशक ओलांडलं आणि एका सकाळी दुसऱ्यासाठी लावलेल्या जाळ्यात संपला. दीडशे किलो मांस पुन्हा तयार होईल. ती वर्षं तयार करायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतील.

त्यात जन्म हाही दरवर्षीचा नाही. वसंतात नदी काठ सोडून रानात शिरते, गवत-झुडपं पाण्याखाली जातात, तेव्हाच गार अंडी घालतो. हिरवट, चिकट अंडी त्या गवताला चिकटतात. ती सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना विषारी असतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, नाकाजवळच्या चिकट चकतीने काडीला लोंबकळून राहतात आणि मग पोहू लागतात. तोवर पाणी तिथे टिकायला हवं. पूर आला नाही किंवा लवकर ओसरला, की ते वर्ष फुकट. ट्रिनिटीतल्या माशांची वयं तपासली, तेव्हा भरघोस पिढ्या मोजक्या पुराच्या वर्षांतल्याच निघाल्या. आपण ज्याला नदीचा उपद्रव म्हणतो, तोच या माशाचा पाळणा. आणि दोन चांगल्या पुरांच्या मधला काळ वंश तगवून धरतात त्या या थोरल्या माद्या. म्हणून त्या वाचवायच्या.

टेक्सासने हे उशिरा, पण नीट ओळखलं. १ सप्टेंबर २००९ पासून माणशी दिवसाला एकच गार ठेवायची मर्यादा आली. त्याआधी मर्यादाच नव्हती. १ सप्टेंबर २०१९ पासून ट्रिनिटीच्या डॅलस ते आखाताजवळच्या चेंबर्स काउंटीपर्यंतच्या पट्ट्यात चार फुटांवरचा गार ठेवता येत नाही आणि रात्री दिवे लावून बाण मारायला बंदी आहे. मोठा मासा हवाच असेल, तर सोडतीत नाव यावं लागतं. बाणवाल्यांची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. बाण मारलेला मासा सोडता येत नाही, म्हणजे नियमाचा सगळा भार त्यांच्यावरच पडतो. लुईझियानात आणि पूर्व टेक्सासमध्ये गारचं पांढरं, घट्ट मांस आवडीने खाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याचे तळलेले गोळे सणाला होतात. त्या ताटाचाही मान राखायला हवा. पण खाण्यासाठी चार फुटांखालचा मासा पुरेसा आहे. साठ वर्षांची मादी कुणाच्या भुकेसाठी मरत नाही. ती फोटोसाठी मरते.

आणि फोटो तर सोडूनही मिळतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी आर्ट वेस्टन यांनी टेक्सासच्या सॅम रेबर्न जलाशयात २८३ पौंडांचा, म्हणजे १२८ किलोंचा गार पकडला, तोही अवघ्या ६ पौंडांच्या दोरीवर. १९५१ साली रिओ ग्रांद नदीत बिल व्हॅल्व्हर्डी यांनी धरलेल्या २७९ पौंडांच्या माशाचा गळाने पकडण्याचा विक्रम बहात्तर वर्षांनी मोडला. मोजमाप झालं आणि मासा परत जलाशयात गेला. विक्रम कागदावर राहिला, मासा पाण्यात राहिला.

मुळातून गेलेला मासा परत आणायचे प्रयत्नही चालू आहेत. मिसिसिपीतल्या टुपेलोच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात गारची पिल्लं वाढवतात. केंटकीने २००९ पासून आपल्या नद्यांत ती सोडली, नामशेष जाहीर करणाऱ्या इलिनॉयनेही सोडली. ज्याला मारायला बोट बांधली, त्याच्यासाठी आता हौद बांधले आहेत.

श्वास मोजणारी माणसं

श्वासाचा खरा उपयोग मात्र ब्राझीलने दाखवला. ॲमेझॉनमधला पिरारुकू हाही शिकारी मासा, लांबी दहा फुटांपर्यंत, आणि तोही श्वास घ्यायला वर येतो. वर आला की भाला मारायचा, या रीतीने तो इतका मारला गेला, की ॲमेझोनास राज्यात १९९६ साली त्याच्या मासेमारीवर बंदी आली. तेफेजवळच्या मामिराउआ राखीव क्षेत्रात १९९९ पासून वेगळी व्यवस्था सुरू झाली. जे मच्छीमार श्वासाच्या आवाजावर भाला मारत, तेच आता होडीत स्तब्ध बसून तळ्यातले श्वास मोजतात. किती मोठे, किती लहान, सगळं कानावर आणि नजरेवर. शास्त्रज्ञांनी त्यांची मोजणी ताडून पाहिली, ती विश्वासार्ह निघाली. मोजलेल्या मोठ्या माशांपैकी तीस टक्क्यांपर्यंतच धरायचे, बाकीचे राखायचे. गावंच पहारा देतात. मासे वाढले आणि गावांचं उत्पन्नही वाढलं.

मोठा शिकारी मासा कुठेही चांगलाच, असा याचा अर्थ नाही. मध्य आणि पूर्व युरोपातला वेल्स मांजरमासा १९७४ साली मासेमारीच्या हौसेपायी स्पेनच्या एब्रो नदीत सोडला गेला. आज तिथे त्याच्यासाठी जगभरातून लोक येतात, पण तो त्या नदीचा नाही. फ्रान्सच्या तार्न नदीत अल्बी शहरात याच जातीचे बाहेरून आलेले मासे काठावरच्या कबुतरांवर झेपावून त्यांना पाण्यात ओढताना दिसले. आणि २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात चक्क ॲलिगेटर गार सापडला. शोभेच्या टाकीसाठी वीतभर पिल्लू विकलं जातं, ते वाढतं, काच अपुरी पडते, मग दयाबुद्धीने कुणीतरी ते जवळच्या पाण्यात सोडतं. आपल्या उजनीत काचा साफ करणारा सकरमासा असाच शिरला आणि आता जाळी फाडतो आहे. ट्रिनिटीत ज्याला जपायचं, त्याला आपल्या तळ्यात येऊ द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रेमातून येतात.

थोरल्यांना राखायची रीत आपल्याकडे नव्हती असंही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. डोहातले मोठाले महसीर वरदायिनीचे म्हणून कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की ते वर येतात. आमच्या गावचे भोईकाकाही मरळ धरत, पण तांबड्या पिल्लांच्या थव्याखाली राखण करणारी मरळ दिसली, की भाला खाली ठेवत. ‘पोरांजवळ बसलेल्या बाईला हात लावायचा नाही,’ एवढंच कारण. पुढे त्याच डोहात जिलेटिनच्या कांड्या फुटल्या आणि लहान-थोर सगळं एका आवाजात उताणं झालं. तो आवाजही माझ्या कानात आहे.

ट्रिनिटीवर सूर्य झाडांमागे गेला होता. कॅप्टननी पकडीने गळ काढला, फास सैल केला आणि एका हाताने शेपटीचा देठ धरून मासा सरळ ठेवला. मिनिटभर ती तशीच राहिली. मग शेपटी एकदा हलली, पाणी आमच्या तोंडावर उडालं आणि ती गेली.

भाचा रॉड आवरू लागला. मी पाण्याची बाटली उघडली. कॅप्टननी इंजिनाला हात लावला नाही. ते पाण्याकडे बघत बसून राहिले. ‘निघायचं ना?’ भाच्याने विचारलं.

‘थांबा.’

तीन मिनिटं गेली. चार. कासवं ओंडक्यावरून उतरली. मग वळणाच्या पलीकडे, दिसेल न दिसेल अशा अंधारात, तो लांब सुस्कारा आला. कॅप्टननी डोक्यावरची टोपी नीट केली आणि इंजिन चालू केलं.